शांतता समितीची खुर्ची, ग्रामसभेची सतरंजी

दरवर्षी गणपती आणि ईद-ए-मिलाद जवळ आले की माझ्या माहेरी भाईजानना पोलीस ठाण्यातून फोन येतो. शांतता समितीची बैठक आहे, अवश्य यावे. भाईजान इस्त्रीचा सदरा घालून जातात. पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, चहा-बिस्किटे येतात, साहेब हात जोडून सहकार्याचे आवाहन करतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि भाभी तो कापून शोकेसच्या काचेला लावतात.

दोन वर्षांपूर्वी शाळेतले झेंडावंदन आटोपून मी सोळा ऑगस्टला माहेरी गेले. आमचे गाव कंधार तालुक्यात आहे. मोहल्ल्याच्या तोंडाशीच नालीचे पाणी रस्त्यावर आलेले होते. मुले विटांवर पाय देत अरबी शिकायला मस्जिदीत जात होती. मी भाईजानना विचारले, "कालच ग्रामसभा झाली ना? मग नालीचा विषय का नाही मांडला?"

ते सहज म्हणाले, "हमकू कोन बुलाया था वहाँ?"

मी गप्प झाले, पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. ठाण्यातून बोलावणे येते म्हणून आपण जातो. ग्रामसभेचे बोलावणे येत नाही म्हणून जात नाही. खरे तर ग्रामसभेला बोलावणे लागतच नाही. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. भाईजान अठराव्या वर्षापासून सदस्य आहेत, भाभी आहेत, अम्मी आहेत. घरातल्या पाच मतदारांपैकी एकानेही आयुष्यात एकदासुद्धा ग्रामसभेच्या सतरंजीवर मांडी घातलेली नाही.

हे केवळ आमच्या घरचे असते तर लिहिले नसते. नांदेड-लातूरच्या खेड्यांत नोकरीनिमित्त मी वीस वर्षे फिरते आहे. बहुतेक मोहल्ल्यांत हेच पाहिले. लोक मत द्यायला रांगा लावून जातात आणि मत दिल्यावर पाच वर्षे घरी बसतात. असे का होते, याचा विचार करू लागले तेव्हा मला आमच्या दादीची पेटी आठवली.

दादीची पेटी

दादीच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचे कागद होते. शेतसाऱ्याच्या पावत्या, एक अर्ज, कसलासा हुकूम, सगळे उर्दूत. घरात उर्दू वाचणारी मीच, म्हणून शाळेत असल्यापासून ते कागद दादी मला वाचायला लावत. वाचून झाले की परत घडी करून ठेवत आणि ठरलेली नसीहत देत, "कचेरी की सीढ़ी नक्को चढना. चार लोगाँ में नक्को बोलना."

पोलीस ॲक्शनच्या वेळी दादी नऊ-दहा वर्षांच्या होत्या. शेजारच्या लिंगायत कुटुंबाने त्यांना आईसह अकरा दिवस माळ्यावर लपवून ठेवले होते. खाली घरधनी दारात बसून राहायचा. दादी त्या घराचे नाव दुआमध्ये घेत. पण त्या अकरा दिवसांत काय ऐकू आले ते त्यांनी कधी सांगितले नाही.

आपल्या भागाचा हा इतिहास घराघरांत कुजबुजीने सांगितला जातो. तो सरळ आणि पुरता सांगितला पाहिजे. निझामाच्या राज्यात रयतेने निवडून दिलेले सरकार नव्हते. बहुसंख्य प्रजा हिंदू असूनही बड्या नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण फार जास्त होते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांना कचेरीत आपल्या भाषेत दाद मागता येत नव्हती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जबाबदार राज्यपद्धतीची मागणी झाली, तेव्हा ती चिरडायला रझाकार उभे राहिले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करत असे. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. आजही अनेक हिंदू घरांत त्या आठवणी जिवंत आहेत आणि त्या खोट्या नाहीत.

त्या अंधारात आवाज उठवणारे मुसलमानही होते. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने आणि रझाकारांविरुद्ध लिहीत राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. माझ्या वर्गातल्या मुलांना हे नाव मी दरवर्षी सांगते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली. आम्ही शाळेत या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करतो. या दिवसामुळेच तुम्हा-आम्हाला मत मिळाले, हे मी मुलांना मनापासून सांगते. पण त्याच आठवड्यांत खेडोपाडी मुसलमानांवर जे गुदरले तेही खरे आहे. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी तिचे सदस्य होते. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात समिती संस्थानभर फिरली. कमीत कमी २७ ते ४० हजार लोक मेले असावेत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे सर्वस्व गमावून पळाले होते.

सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो फायलीतच राहिला. त्यात आणखी एक नोंद आहे, तिच्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. समितीला हे विशेषतः एकाच धंद्यातल्या लोकांमध्ये दिसले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, त्यात काहींनी स्वतःचे प्राणही गमावले. रोज एका कामासाठी एकत्र येणारी माणसे संकटात एकमेकांना सोडत नाहीत, हा त्या नोंदीचा अर्थ. पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज यातच आहे.

बोलणारे गेले, भाषाही बदलली

जे वाचले त्यांच्यातले शिकलेले, पैशाअडक्याचे लोक हैदराबादला गेले, काही पाकिस्तानात गेले. गावात उरले ते लहान शेतकरी, बागवान, पिंजारी, आतार, कसाई, रोजंदारी करणारे. कचेरीत उभे राहून चार शब्द बोलण्याची सवय त्यांना कधी नव्हतीच.

त्यात भाषा बदलली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कारभार मराठीत झाला, तो व्हायलाच हवा होता. ज्या राज्यात बहुतेक लोक मराठी बोलतात तिथे कचेरीने मराठीतच बोलले पाहिजे. पण आमच्या आजोबांसारख्या माणसाला काल ज्या कागदावर काय लिहिले ते कळत होते, त्याच कागदासाठी आज दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. ते घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलत, पण मराठी वाचता येत नव्हती. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस त्यांच्यासाठी नुसती रेघोट्या होती.

भीती आणि ही निरक्षरता एकत्र आली. मग मोहल्ल्याचा सगळा कारभार एका माणसावर सोपवला गेला. तो पाटलांशी बोलायचा, तहसीलमध्ये जायचा, निवडणुकीत 'आपली मते' कुणाला ते सांगायचा. काही ठिकाणी तो माणूस भला होता, काही ठिकाणी नव्हता. पण दोन्ही ठिकाणी बाकीचे शंभर जण बोलायला शिकले नाहीत. शांतता समितीच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आज तोच माणूस किंवा त्याचा मुलगा बसतो. भाईजान रागावतील, पण तेही त्याच परंपरेतले.

मराठवाड्याच्या मातीत ही एकच जखम नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर इथल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्याने त्यातले फार क्रूर प्रसंग पाहिले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. पण त्या सोळा वर्षांत त्या वस्त्यांनी कचेरीची पायरी सोडली नाही. त्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, राखीव जागांवर निवडणुका लढवल्या. आज कितीतरी गावांच्या ग्रामसभेत सर्वांत ठाम आवाज बौद्ध वस्तीतून येतो. आपण त्यांच्याकडून शिकायला हवे होते, आणि अजूनही उशीर झालेला नाही.

भिवंडीने काय केले?

ज्या ठिकाणी रक्त सांडले तिथली माणसे पुन्हा एका सतरंजीवर बसू शकतात का? याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. ते आपल्याच राज्यात, भिवंडीत आहे.

भिवंडीत १९७० ला मोठी दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ ला पुन्हा दंगल झाली. यंत्रमागांच्या या गावाचे नावच दंगलीशी जोडले गेले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची माणसे घेतली, आणि तीही पुढारी नव्हे तर साधी: दुकानदार, कामगार, गृहिणी, शिक्षक. बैठका सणापुरत्या नव्हत्या. त्या नियमित होत आणि त्यात बोलले जाई ते नळावरचे भांडण, भाड्याचा तंटा, गल्लीतला गुंड अशा रोजच्या गोष्टींवर. शिपायापासून साहेबापर्यंत पोलीस त्या बैठकांना बसत.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. मुंबईला लागून असलेली, दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरे जोडीजोडीने अभ्यासली. अलीगढला दंगली होतात आणि कालिकतला का होत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आढळले की शहरांत नुसता शेजार, सणाला शिरखुर्मा आणि फराळाची देवघेव पुरत नाही. अफवा पसरली की ती देवघेव थिजते. जिथे दोन्ही समाजांची माणसे एकाच संघटनेत, एकाच व्यापारी मंडळात, एकाच कामगार संघात असतात, तिथे अफवा फारशी टिकत नाही, कारण तिथे शांतता हे दोघांच्याही रोजच्या कामाचे हित असते. वार्ष्णेय यांचे हे निरीक्षण आणि सुंदरलाल समितीने पाहिलेले विणकर यांत मला एकच गोष्ट दिसते.

म्हणून शांतता समितीला नावे ठेवायची नाहीत. ती हवीच. पण तिथे आपल्याला मुसलमान म्हणून बोलावतात आणि आपण मुसलमान म्हणूनच जातो. तिथला प्रश्न एकच असतो: तुमच्याकडून गडबड होणार नाही ना? ग्रामसभेत आपण गावकरी म्हणून बसतो. तिथला प्रश्न नालीचा, पाण्याचा, शाळेचा असतो, आणि तो सोडवताना आपल्या शेजारी दुसरा गावकरी बसलेला असतो.

उघडे दरवाजे

आपण ज्यांच्यापुढे थांबलो आहोत ते दरवाजे १९९३ पासून कायद्याने उघडे आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या प्रभागांना घटनेत जागा दिली. मी यातल्या मोजक्याच गोष्टी सांगते, ज्या घरातून सुरू करता येतात.

पहिली मतदार यादी. मी काही वर्षे बीएलओ म्हणून दारोदार फिरले आहे. सासरी आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत, बापाचे नाव यादीत एक आणि आधारवर दुसरे, 'शमीम बी'चे कुठे 'शमिम बेगम' तर कुठे 'समीमबी'. उर्दूतले नाव मराठीत लिहिताना प्रत्येकाने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेले. नवीन नावासाठी नमुना ६ आणि दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा असतो. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख धरून वर्षात चार वेळा नवे मतदार पात्र ठरतात. विधानसभेची हीच यादी ग्रामपंचायत आणि महापालिकेच्या निवडणुकीत वापरली जाते. तिच्यात नाव नसेल तर ग्रामसभेचे सदस्यत्वही नाही. घरात सगळ्यांची नावे सगळ्या कागदांवर एकसारखी करून घेणे हे एका सुट्टीच्या दुपारचे काम आहे.

दुसरा दरवाजा ग्रामसभेचा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नोटीस सात दिवस आधी लागते, दवंडीही व्हावी लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. तेवढे नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तर सभा होत नाही असे नाही. ती पुढच्या खेपेला वीस जणांत होते आणि ठराव आपल्यालाही लागू होतो.

नालीचे उत्तर याच सभेत आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा ग्रामसभेपुढे मंजुरीला येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता. आमच्या मोहल्ल्याची नाली त्यातच बसत होती. पण आराखड्यात तिचे नाव घालायला कोणी तोंड उघडले नाही. विषय लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे सभेतच पाहावे. तोंडी बोललेले विसरले जाते, वहीत लिहिलेले सहसा राहते.

तिसरा दरवाजा बायकांचा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. पुरुषांच्या गर्दीत बोलायला संकोच वाटणाऱ्या भगिनींसाठी ही सोय आहे. पण बऱ्याच गावांत ती सभा सह्यांपुरती होते, कारण विचारायला बायका येत नाहीत. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या घरांतल्या कितीतरी भगिनी त्यामुळे सदस्य, सरपंच, नगरसेविका झाल्या. काहींच्या नावावर पती किंवा दीर कारभार करतात हेही खरे. ते थांबायचे असेल तर निवडून येण्याआधी सभेत बसायची सवय हवी.

चौथा दरवाजा आरक्षणाचा. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, अभिनेते दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले आणि डिसेंबर १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. त्यानंतर ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादरींना दाखले मिळू लागले. ओबीसी राखीव जागेवर उभे राहायला जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांचे जुने कागद लागतात. मराठवाड्यात ते कागद पुष्कळदा उर्दूत असतात. दादीची पेटी अशी कामाला येते. पेटीतले कागद फेकू नका, उंदरांना खाऊ देऊ नका. उर्दू शाळेच्या शिक्षकाकडून वाचून घ्या.

शहरातल्या वाचकांची तक्रार वेगळी असते. नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा देगलूर नाक्यावर राहणाऱ्याला ग्रामसभा नाही. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण ती कुठे भरल्याचे मी तरी पाहिलेले नाही. नांदेड आणि लातूर दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवकच नव्हते, मग दाद मागायची कोणाकडे? अशा वेळी गल्लीतल्या सर्व समाजांच्या घरांनी मिळून एक अर्ज करणे आणि उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार वापरणे, एवढे तरी हातात असते. अर्जावर सह्या करताना फक्त आपल्या बाजूची घरे घेऊ नका. पाण्याची पाइपलाइन मोहल्ला पाहून फुटत नाही.

शाळेच्या आवारातून

पाचवा दरवाजा मला सर्वांत जवळचा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे हे या समितीचे काम. गावच्या कारभाराची पहिली इयत्ता म्हणजे ही समिती, असे मी मानते.

मी ज्या गावात शिकवत होते तिथे जिल्हा परिषदेची मराठी आणि उर्दू शाळा एकाच आवारात होत्या. मधे भिंत नव्हती, पण समित्या वेगळ्या, बैठका वेगळ्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हते. मोठ्या मुली दुपारनंतर घरी जात त्या परत येत नसत. दोन्ही शाळांतल्या. आमच्या समितीत शिलाईकाम करणारी एक आई होती. चौथीपर्यंत उर्दू शिकलेली, मराठी बोलता येई पण वाचता येत नसे. तिने विचारले, "बाई, त्या शाळेच्या मुलींचे काय होते? त्यांच्या आईला विचारू का?" तिने विचारले. त्या दोघी आणि आणखी सहा-सात जणी महिला सभेला गेल्या. मी अर्ज मराठीत लिहून दिला, एवढाच माझा वाटा.

ग्रामसभेत तिला उभे राहिलेले पाहायला मला जाता आले नाही. पण तिने नंतर सांगितले की पाय थरथरत होते आणि मराठी शाळेतल्या मुलीच्या आईने तिच्या पदराचे टोक धरून ठेवले होते. ठराव वहीत लिहिला गेला. टाकी यायला पाच महिने लागले. मधे दोनदा जाऊन विचारावे लागले. टाकी आली, नळ बसला, मुली दुपारनंतर थांबू लागल्या.

खरी गोष्ट त्यानंतरची. पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या दिवशी मोबाइलवर एक खोटा मजकूर फिरला. कुठल्या दुसऱ्याच ठिकाणचा जुना व्हिडिओ, आपल्या गावाचे नाव लावून. अशा वेळी मोहल्ल्यातली दारे लागतात आणि पलीकडची पोरे चौकात जमतात. त्या दिवशी त्या दोन आयांनी एकमेकींना फोन केला. "तुमच्याकडे काही झालंय का?" "नाही. तुमच्याकडे?" "इकडेही काही नाही." दोघींनी आपापल्या गल्लीत सांगितले. दारे उघडी राहिली. पोलिसांच्या कोणत्याही नोंदीत हे नाही. घडलेच नाही त्याची नोंद कोण करणार? पण त्या दोघींकडे एकमेकींचा नंबर होता तो टाकीमुळे.

लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने ती आखली. मधोमध देवीचे मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. ज्या शहरात १९४८ मध्ये इतके काही घडले, त्याच शहरात हा बाजार आजही सगळ्यांना एकत्र आणतो. बाजाराला आपण बोलावण्याची वाट पाहत नाही, काम असते म्हणून जातो. गावच्या कारभाराकडेही तसेच पाहायला हवे.

आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला किती महत्त्व आहे हे वाचकांना सांगायला नको. कुरआनच्या एका सूरेचे नावच अश-शूरा आहे. पण मशवरा घ्यायचा तर आधी मजलिसीत जाऊन बसावे लागते.

दादी आता हयात नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांची नसीहत चुकीची होती असे मी म्हणणार नाही. त्या काळात त्या नसीहतीनेच घर वाचवले. मात्र ज्या लिंगायत घराने त्यांना माळ्यावर ठेवले, त्या घरातला नातू आज आमच्या गावचा ग्रामपंचायत सदस्य आहे. मी भाईजानना एवढेच म्हटले, "तो तिथे बसतो. त्याच्या शेजारी बसायला तुम्हाला कोणाचे बोलावणे हवे?"

यंदा सव्वीस जानेवारीला संध्याकाळी भाभींचा फोन आला. भाईजान आणि त्या दोघेही ग्रामसभेला गेले होते. मला वाटले, आता नालीचे काय झाले ते सांगतील. त्या म्हणाल्या, नाली पुढच्या आराखड्यात घेतो म्हणाले, वहीत लिहिले, भाईजाननी स्वतः वाचून पाहिले. मग हसत म्हणाल्या, "आपा, वहाँ कुर्सी नहीं मिली. सतरंजी पे बैठे. घुटने दुख रहे हैं उनके."